तापलेली सभा आणि तिचा अध्यक्ष



व्याख्यानमालेत अध्यक्षाचे काम सर्वांत सोपे समजले जाते. वक्त्याची ओळख करून द्यावी, मधूनमधून घड्याळाकडे पाहावे आणि शेवटी समारोपाचे चार शब्द बोलावेत, इतकेच. वक्ता एकच असतो, श्रोते सौजन्याने बसलेले असतात, आणि मतभेद असलाच तर तो घरी जाताना वाटेत बोलला जातो. परंतु अध्यक्षाची खरी परीक्षा अशा सभेत होत नाही. एकाच मंडपात दोन पक्ष बसले आहेत, दोघांनाही आपलेच खरे असे मनापासून वाटते आहे आणि प्रश्न राजकारणाचा आहे, अशा ठिकाणी ती होते. तेथे न्यायाने वागणारा अध्यक्ष कसा असतो, आणि तो तसा नसला म्हणजे काय घडते, याचा मागोवा आपल्याच इतिहासातून घ्यावा, असा आजचा हेतू आहे.

हा विषय शहागंजात मांडताना प्रस्तावनेला फार शब्द लागू नयेत. गंज म्हणजे बाजारपेठ. येथे मोठी मशीद आहे, निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा आहे, महात्मा गांधींचा पुतळा आहे, आणि त्यांच्या भोवती उर्दू, मराठी, हिंदी अशा अनेक बोलींत भाव करणारी माणसे आहेत. बाजारात घासाघीस होते, आवाज चढतात, प्रसंगी हमरीतुमरीही होते. तरी बाजार मोडत नाही, कारण तराजू सर्वांना सारखा आहे असा विश्वास असतो. तो विश्वास गेला की मालाची प्रत कितीही उत्तम असली तरी गिऱ्हाईक पाठ फिरवते. राजकीय चर्चेतला तराजू अध्यक्षाच्या हाती असतो. वक्त्यांची विद्वत्ता हा झाला माल. तराजूचा प्रश्न निराळा आहे.

इंग्रजी राज्याबरोबर सभा आली आणि सभेबरोबर अध्यक्ष आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ठराव, उपसूचना, अनुमोदन हा सरंजाम इंग्रजांकडून आला यात शंका नाही. पण दोन भांडणाऱ्यांना एका ठिकाणी बसवून, दोघांचे ऐकून, दोघांना मान्य होईल असा शेवट करण्याची विद्या आपल्याकडे जुनीच होती. मराठेशाहीतील गोतसभेचे कागद पाहावेत. वतनाचा तंटा निघाला म्हणजे वादींना अग्रवादी आणि पश्चिमवादी अशी नावे असत. प्रत्येकाची तकरीर, म्हणजे त्याचे म्हणणे, स्वतंत्रपणे लिहून घेत. आपल्या गावी आपल्याला न्याय मिळणार नाही असे एखाद्यास वाटले तर तो दुसरे थळ मागू शकत असे. पैठणसारख्या क्षेत्री असे तंटे नेले जात. निवाडा झाला म्हणजे महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या साक्षी पडत. हरणारा येजितखत लिहून देई.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद होता राजीनामा. आज राजीनामा म्हणजे जागा सोडून जाणे. त्या काळी त्याचा अर्थ नेमका उलटा होता. तंटा ऐकण्यापूर्वीच दोन्ही वादी लिहून देत की, सभा जो निवाडा करील त्यास आम्ही राजी आहोत. म्हणजे निकाल काय लागणार हे कोणासच ठाऊक नसताना रीत मान्य करून घेतली जाई. अध्यक्षाच्या निःपक्षपणाचे सगळे बळ या एका गोष्टीत आहे. नियम आधी, भांडण मागून. भांडण पेटल्यावर केलेला नियम कितीही शहाणपणाचा असो, ज्याच्या विरुद्ध तो लागतो त्याला तो आपल्यासाठीच घडवलेली बेडी वाटतो.

मात्र गोतसभेचे कौतुक करताना तिची मर्यादा विसरून चालणार नाही. तेथे कोणी कोठे बसायचे हे जातीने ठरलेले होते, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या राजीनाम्याला, म्हणजे त्यांच्या मान्यतेला, किंमत किती होती हे सांगावयास नको. रीत आधी ठरवली पाहिजे हे खरे. पण ती ठरवताना सर्व संबंधित हजर पाहिजेत हेही तितकेच खरे. या दुसऱ्या अटीची किंमत पुढच्या शतकात आपल्याला फार महाग पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात सभांचा मोसम सुरू झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. आपण आज ज्या परंपरेत बसलो आहोत तिचा उगम तेथे आहे. त्यांच्याच पुढाकाराने १८८७ पासून सामाजिक परिषद भरू लागली. काँग्रेसचे अधिवेशन संपले की त्याच मंडपात ही परिषद भरावी असा प्रघात पडला होता. १८९५ साली काँग्रेस पुण्यास आली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष झाले, आणि मंडपाचा वाद पेटला. राजकारणाच्या मंडपात समाजसुधारणा नको, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष पुण्यात बलवान होता. मंडप जाळून टाकण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्टी गेल्या. अखेर रानड्यांनी परिषद काँग्रेसच्या मंडपातून काढून फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरवली.

रानड्यांच्या या माघारीविषयी दोन मते आहेत. कोणी तिला शहाणपण म्हणतात, कोणी दुबळेपणा. मला येथे वेगळाच मुद्दा सांगावयाचा आहे. मंडप बदलल्याने भांडण टळले, पण मिटले नाही. दोन्ही पक्ष एकमेकांचे ऐकून घेण्याच्या कसोटीतून त्या दिवशी सुटले. पुढे प्रत्येक पक्ष आपापल्या मंडपात, आपापल्या टाळ्यांच्या गजरात बोलू लागला. टाळी नेहमी आपल्याच माणसांची असली की वक्त्याला आपला युक्तिवाद कच्चा आहे हे कधी कळतच नाही. मंडप वेगळे करणे हा तापलेल्या सभेवरचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि त्याचे बिल बारा वर्षांनी सुरतेस आले.

सुरतेची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते ती जोड्यापुरती. ती जरा नीट पाहू. १९०७ चे अधिवेशन आधी नागपूरला ठरले होते. तेथे जहाल पक्षाचे बळ जास्त म्हणून ते सुरतेस हलवण्यात आले. जहालांना लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, नेमस्तांनी डॉ. रासबिहारी घोष यांना पुढे केले. शिवाय आदल्या वर्षी कलकत्त्यास स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयी जे ठराव झाले होते ते पातळ केले जाणार, अशी शंका पसरली होती. ठरावांचे मसुदे वेळेवर प्रतिनिधींच्या हाती पडले नाहीत, त्यामुळे शंकेची खात्री झाली. म्हणजे सभा सुरू होण्यापूर्वीच स्थळ, अध्यक्ष आणि कार्यक्रमपत्रिका या तिन्ही बाबतींत एका पक्षाला तराजू हलका वाटू लागला होता.

२६ डिसेंबरला दीड हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले. डॉ. घोष यांच्या नावाला अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ उभे राहिले तोच असा गोंधळ उठला की सभा दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. २७ तारखेस लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. अध्यक्षाच्या निवडीच्या सूचनेस अनुमोदन झाल्यावर मला बोलावयाचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडावयाची आहे आणि समेटाचा मार्गही सुचवावयाचा आहे, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. चिठ्ठीला उत्तर आले नाही. निवडीची सूचना मताला टाकली गेली, डॉ. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले, आणि टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. तुमची सूचना नियमबाह्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मी रीतसर आगाऊ कळवले होते, हे त्यांचे उत्तर होते. हाताची घडी घालून ते प्रतिनिधींसमोर उभे राहिले. मग एक दक्षिणी जोडा हवेतून आला, सुरेंद्रनाथांना लागून सर फिरोजशहा मेहतांवर आदळला. खुर्च्या उचलल्या गेल्या, काठ्या चालल्या, आणि पोलिसांनी मंडप मोकळा केला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तेथे हजर होता. टिळकांना खाली ओढू पाहणाऱ्यांच्या आणि टिळकांच्या मध्ये गोखले हात पसरून उभे राहिले, हे दृश्य त्याने नोंदवून ठेवले आहे.

नियमाच्या पुस्तकाप्रमाणे कोण बरोबर, यावर त्या वेळी दोन्ही पक्षांनी निवेदने काढली आणि इतिहासकार अजून लिहीत आहेत. जोडा फेकणाऱ्याचे समर्थन कोणीच करू नये. पण जोड्याच्या आधी एक चिठ्ठी होती, आणि ती अनुत्तरित राहिली, ही गोष्ट प्रत्येक अध्यक्षाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी अशी आहे. माळवींनी उठून एवढेच म्हटले असते की, टिळकांची अशी सूचना आली आहे, ती मी अमुक कारणासाठी नियमाबाहेर समजतो, तर गोंधळ टळलाच असता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु मग दंगा करणाऱ्यांच्या हाती फक्त दंगा उरला असता. अन्यायाची तक्रार उरली नसती. नकार माणूस पचवतो. आपल्याला पाहिलेच नाही, ही गोष्ट त्याला पचत नाही.

सुरतेनंतरची गोष्ट याहून बोधप्रद आहे. फुटलेल्या काँग्रेसच्या नेमस्त पक्षाने १९०८ साली अलाहाबादेस घटना तयार केली. घटना असावी, नियम असावेत, हे उत्तमच होते. पण ती एका पक्षाने, दुसरा पक्ष बाहेर असताना केली होती, आणि तिच्यातील अटींमुळे बाहेरचे बाहेरच राहिले. दोन्ही पक्ष एका मंडपात येण्यास १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. गोतसभेच्या संदर्भात जी दुसरी अट सांगितली ती येथे आठवावी. नियम करताना ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याच्या दृष्टीने तो नियम नसतो, ते कुलूप असते.

आता आपल्या हैदराबाद संस्थानाकडे येऊ. सुरतेत आपण स्वतःस सहज अन्याय झालेल्यांच्या बाजूस बसवतो. हैदराबादचे उदाहरण आपल्याला दुसऱ्या बाजूस बसवणारे आहे, म्हणून ते जास्त उपयोगी. निजामी राज्यात राजकीय सभेला मुभा नव्हती. पुढे प्रसिद्धीस आलेल्या ५३ क्रमांकाच्या गश्तीने तर आगाऊ परवानगीवाचून सभा भरवणेच अशक्य केले. म्हणून लोक सामाजिक, शैक्षणिक, वाङ्मयीन अशा नावांखाली एकत्र येत. अशीच एक सामाजिक परिषद नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेस विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात भरली. अध्यक्षस्थानी अण्णासाहेब कर्वे होते. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणे झाली. मग आलमपल्ली व्यंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलू लागले, आणि सभेतून टवाळी सुरू झाली. त्यांना बोलू दिले गेले नाही. टवाळी करणाऱ्यांत मराठी मंडळींचा भरणा होता असे तेलुगू बाजूचे इतिहास सांगतात, आणि ते नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

या संस्थानात तेलुगू भाषकांची संख्या निम्म्याच्या आसपास होती, मराठी भाषकांची चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे राज्यातील सर्वांत मोठ्या लोकसमूहाची भाषा त्या सभेत हास्यास्पद ठरली. सभेत सुधारक होते, शिकलेले होते, परकीय सत्तेचा काच स्वतः सोसलेले होते. तरीही हे झाले. जे झाले त्याचा परिणाम त्याच रात्री दिसला. अपमानित झालेले मूठभर तेलुगू प्रतिनिधी टेकुमल्ल रंगाराव यांच्या घरी जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव यांनी त्या कामाला आकार दिला. १९३० साली जोगीपेट येथे सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचेही पहिले अधिवेशन भरले. भाषावार संघटना केव्हातरी झाल्याच असत्या, त्यांनी स्वातंत्र्यलढ्याला बळही दिले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्या ठिणगीविषयी. एका वकिलाला पाच मिनिटे शांतपणे ऐकून घेण्याचे सौजन्य सभेने दाखवले नाही.

अशा वेळी अध्यक्षाने काय करावे? विरोधी पक्षाचा दंगेखोर आवरणे तुलनेने सोपे असते. तेथे अध्यक्षाच्या मागे बहुमताच्या टाळ्या असतात. अवघड असते ते आपल्या माणसांना गप्प करणे. ज्यांची भाषा आपली, ज्यांचा विनोद आपल्याला कळतो, ज्यांच्या हसण्यात आपल्याला अपमान जाणवतच नाही, त्यांना थांबवणे. निःपक्ष अध्यक्षाची घंटा पहिल्यांदा आपल्या घरात वाजली पाहिजे. ती तेथे वाजलेली एकदा लोकांनी ऐकली की मग परक्यावर वाजली तरी त्याला तिच्यात वैर ऐकू येत नाही.

निःपक्ष याचा अर्थ मत नसलेला, असे मात्र कोणी समजू नये. महाडचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते पुढारीही होते. त्यांचे मत काय आहे हे कोणापासून लपलेले नव्हते. चवदार तळ्यावर जाण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती. सत्याग्रहासाठी ३,८८४ लोकांनी नावे नोंदवली होती. लोकांची मने मार्चमधील मारहाणीने पोळलेली होती आणि मंडपाचा कल तळ्याकडे निघण्याचा होता. अशा सभेत जिल्ह्याच्या कलेक्टरला व्यासपीठावरून बोलू देण्यात आले. तो सत्याग्रह करू नका असेच सांगणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही सभेने ते ऐकले. मग विचारविनिमय झाला, आणि सत्याग्रह तहकूब करण्याची सूचना खुद्द आंबेडकरांनी मांडून ती आपल्या अनुयायांना पटवून दिली. लोक तळ्याला शिस्तीने वेढा घालून मिरवणुकीने परतले. न्यायालयातील लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात त्यांचा विजय झाला.

ज्यांना पाण्याला शिवू दिले जात नव्हते त्यांनी आपल्या मंडपात नावडता आवाज ऐकून घेतला, आणि ज्यांच्या हाती सर्व सत्ता होती त्या मंडपांत चिठ्ठीला उत्तर मिळाले नाही किंवा दुसऱ्याच्या भाषेला हसू आले. ही तुलना मनाशी करून पाहण्यासारखी आहे. सभाधर्म हा पदवीने येत नाही. ऐकून न घेतले जाण्याचे दुःख ज्याने भोगले आहे त्याला तो लवकर कळतो.

कायदेमंडळात ही सगळी विद्या नियमबद्ध झाली. मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले लोकनियुक्त हिंदी अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल १९२५ साली निवडून आले, ते अवघ्या दोन मतांनी. निवड होताच त्यांनी आपल्या स्वराज्य पक्षाचा संबंध सोडला. १९२८ साली सार्वजनिक सुरक्षिततेच्या विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी मते पडली. अध्यक्षांनी आपले निर्णायक मत विधेयकाविरुद्ध टाकले. त्यांचे कारण पाहण्यासारखे आहे: ज्याला चालू कायदा बदलावयाचा आहे त्याने बहुमत मिळवावे, ते त्याला अध्यक्षाच्या मताने मिळू नये. आवडनिवड बाजूला ठेवून उद्या प्रतिपक्षालाही लावता येईल असे तत्त्व त्यांनी सांगितले. अध्यक्षाच्या निर्णयाची ही साधी कसोटी आहे. हाच निर्णय, हीच परिस्थिती, पण माणसे उलटी असती तर मी काय केले असते?

लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे आपले, रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे हे त्यांचे मूळ गाव. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले होते. १९५४ च्या डिसेंबरात त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांना दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. सभापती खुर्चीवरून उतरले आणि उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार खुर्चीवर बसले. ठराव फेटाळला गेला. पण तो येऊ शकला, त्यावर उघड चर्चा झाली, आणि ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याने त्या वेळी खुर्चीवर बसू नये ही राज्यघटनेच्या ९६ व्या कलमातील रीत पाळली गेली, ही लहान गोष्ट नव्हे. जो दुसऱ्याला थांबवतो त्यालाही थांबवण्याची सोय असली पाहिजे. अध्यक्षाविरुद्ध दाद मागण्याचे दार उघडे असले की त्याचा मान वाढतो. ते बंद असले की त्याची भीती वाढते. मान आणि भीती यांत घोटाळा करणारे अध्यक्ष आपण पुष्कळ पाहतो.

येथवर जे सांगितले त्यावरून दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे दिली म्हणजे न्याय झाला, असे कोणास वाटेल. या शहरात बोलताना तो गैरसमज दूर केलाच पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तोवर पंधरा वर्षांहून अधिक काळ उलटला होता. विद्यापीठाचे नाव काय असावे यावर मतभेद असणे हा सभेचा विषय होता. मराठवाडा या नावावर प्रेम असणे गुन्हा नव्हता, आणि बाबासाहेबांचे नाव मागणे तर नव्हतेच. पण घर जाळणे हे मत नव्हे. ज्याचे घर जळते त्याला आणि जो जाळतो त्याला सारखी पाच मिनिटे देणारा अध्यक्ष निःपक्ष नसतो. तो आंधळा असतो. तराजू समान धरावयाचा तो दोन मतांमध्ये. मत आणि धाक यांच्यामध्ये नव्हे. धाकाचा पहिला शब्द उच्चारला जाईल तेथेच घंटा वाजली पाहिजे, मग तो शब्द उच्चारणारा कोणत्याही पक्षाचा असो. कारण पहिल्या धमकीला सवलत मिळाली की दुसरी बाजू चर्चेतून उठून जाते, आणि सभा आपल्याला शांत दिसते. ती शांतता खरी नसते.

आज शहराच्या नावापासून आरक्षणापर्यंत कित्येक प्रश्न असेच तापलेले आहेत, आणि त्यांची चर्चा मंडपात होते त्याहून अधिक मोबाइलवरच्या गटांत होते. तेथेही एक प्रमुख असतो. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात असे ठरवले की, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, गटातील सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटप्रमुखाला गुन्हेगार धरता येणार नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार, मजकूर आधी तपासणे त्याच्या हाती नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु कायद्याने जबाबदार नसलेला माणूस सभाधर्माने जबाबदार असू शकतो. माणसाला न सांगता काढून टाकणे म्हणजे सुरतेची अनुत्तरित चिठ्ठी. आपल्या माणसांच्या टवाळीकडे कानाडोळा करणे म्हणजे विवेकवर्धिनीतील ती संध्याकाळ. आणि कटकट नको म्हणून दोन गट वेगळे करणे म्हणजे १८९५ चा मंडप.

शेवटी श्रोत्यांविषयी एक शब्द. आपण सगळा भार अध्यक्षावर टाकून मोकळे होतो. परंतु जोडा अध्यक्षाने फेकला नव्हता आणि व्यंकटरामरावांना अध्यक्षाने हसवून बसवले नव्हते. ते सभेने केले. महाडला ऐकून घेतले तेही सभेनेच. जुन्या काळी वादी सभेपुढे येताना राजीनामा लिहून देत, तसा एक अलिखित राजीनामा मंडपात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने मनाशी लिहून द्यावा: माझे म्हणणे मान्य होवो वा न होवो, रीत मी मोडणार नाही, आणि माझ्या बाजूच्या माणसाने ती मोडली तर त्याला पहिल्यांदा मी थांबवीन. असे दहा श्रोते पहिल्या रांगेत बसलेले असतील तर अध्यक्षाला घंटेला हात लावावा लागणार नाही.